चाळीस मिनिटांचा वेग

सर दुकानात आले तेव्हा मी एका फोनची फुगलेली बॅटरी उचकटत होते, म्हणून मान वर न करताच म्हटलं, "बसा, पाच मिनिटं."

"मोजून पाच, की तुझी पाच?"

माझ्या हातातली पट्टी निसटली. हा आवाज मी शाळेत तीन वर्षं ऐकला होता. वर पाहिलं तर सर समोर उभे, ओठ बंद, गळ्याला रुमाल. आवाज त्यांच्या हातातल्या फोनमधून येत होता.

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्याआधी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, हात धुऊन मागे लागून त्यांच्याकडून दोन तासांचं वाचन रेकॉर्ड करून घेतलं होतं. आता एक अ‍ॅप त्यावरून त्यांचाच आवाज जुळवायचं. सर टाइप करणार, फोन बोलणार. साधा तयार आवाज घेतला असता तर फोनला एवढे कष्ट पडले नसते, असं मी म्हटलं.

"त्या आवाजात हाक मारली की ही ओ देत नाही," सर म्हणाले. सोबत आलेल्या काकूंनी बाजूच्या स्टुलावरून मान हलवली.

अडचण एवढीच होती की वाक्य पाठवल्यावर आवाज यायला वेळ लागायचा. आणि शुक्रवारी मुख्याध्यापिका सरांचा एक तास बघणार होत्या. विज्ञानाचा, पूर्ण चाळीस मिनिटांचा. जमला तर वर्ग परत, नाही जमला तर निवृत्त होईपर्यंत ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालायची.

"पाठ आधीच रेकॉर्ड करून नेला तर?"

"मग मी कशाला? स्पीकर पाठवतो शाळेत, मी घरी झोपतो."

मी बाह्या सरसावल्या. कारण हे माझंच काम. फोनचा प्रोसेसर एरवी डुलक्या घेत असतो. काम आलं की आपणहून वेग वाढवतो आणि तापला की आपणहून पाय मागे घेतो. ही वेगाची वरची मर्यादा आणखी वर सरकवायची, तापण्याची भीती थोडी कमी करायची, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझ्या पाटीवरच लिहिलंय, 'मंद फोन पळवून मिळतील'. मी सरांचा फोन असा पळवला की वाक्य पाठवलं न पाठवलं तोच आवाज हजर. दोन मिनिटं तपासला आणि दिला. आमच्या धंद्यात सगळेच दोन मिनिटं तपासतात, त्याहून जास्त गिऱ्हाईकही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सर परत. घरी फोन अडखळतो म्हणे. मी तपासला तर चाबकासारखा चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी रडतो, दुकानात उड्या मारतो. मला वाटलं घरचा चार्जर खराब असेल, कव्हर जाड असेल, नाहीतर सरांचंच काहीतरी चुकत असेल. शेवटचं मी तोंडावर बोललेसुद्धा.

सरांनी खिशातून वहीचं पान काढलं. तीन रकाने आखलेले होते: मिनिट, उशीर, तापमान. फोनच्या पाठीला दोऱ्याने थर्मामीटर बांधून घेतलेली वाचनं. पहिली पाच मिनिटं उशीर अर्धा सेकंद. नवव्या मिनिटाला तीन. बाराव्याला सहा, आणि तापमान असं की फोन हातात धरवेना.

"इथे मी किती बोलतो?" फोन म्हणाला.

"चार वाक्यं."

"आणि घरी?"

उत्तर काकूंनी दिलं, "घरी थांबतात कुठे!"

माझं तोंड उतरलं. फोन सगळा दम पहिल्या पाच मिनिटांत खर्च करत होता आणि मग धापा टाकत बसत होता. आधीच्या त्याच्या संथ चालीपेक्षाही हळू. मीच त्याला तसं शिकवलं होतं.

"तू मोजलं नाहीस," सरांचा आवाज म्हणाला. "ठरवलंस."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नववीत पाणी थंड होण्याचा प्रयोग होता. दर मिनिटाला तापमान लिहायचं. मी ती वाचनं मनाने लिहिली, छान सुबक उतरत जाणारी. सरांनी शून्य दिलं आणि हेच वाक्य वर्गासमोर ऐकवलं. तेव्हा सर इतके भरभर बोलायचे की आम्ही त्यांना 'धबधबा' म्हणायचो. मला तो प्रयोग कळलाच नव्हता, पण विचारायचं कधी? त्यांच्या दोन वाक्यांत बोट शिरेल एवढी फट नसायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि त्या दिवशीही नाही, नुसतीच धुसफुसले.

पण कुतूहल रागापेक्षा चिवट असतं. मला खरंच बघायचं होतं. मी ओव्हरक्लॉकिंग काढलं, आणि मग पाटीला लाज वाटेल असं काम केलं: वरची मर्यादा फोनच्या मूळ मर्यादेपेक्षाही खाली आणली. एक पायरी खाली, मोजलं. अजून एक, पुन्हा मोजलं. तिसऱ्या पायरीवर उशीर दोन सेकंद झाला, पण तापमान कोमटावर येऊन तिथेच थांबलं.

"आता चाळीस मिनिटं तपासायचं," मी म्हटलं. "शिकवा."

सरांनी दुकानात माझा तास घेतला, उष्णतेचाच. मी दर मिनिटाला आकडा लिहीत होते. फोनची काच बदलायला आलेला एक ड्रायव्हर आधी घड्याळ बघत होता, मग स्टूल ओढून बसला. आठव्या मिनिटाला दोन सेकंद. विसाव्याला दोन. एकोणचाळिसाव्याला दोन.

"पण सर, दोन सेकंद फार आहेत हो. मुलं हसतील."

"कधी अर्धा, कधी सहा, तर हसतील. सारखेच दोन असतील तर त्यांना सवय होईल." मग थोडं थांबून फोन म्हणाला, "असं मला वाटतं. हे मोजलेलं नाही."

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले. काकू शेजारी पदर पिळत होत्या. माझ्या हातात वही, या वेळी दोनच रकाने. तापमान बाहेरून कळणार नव्हतं, म्हणून फक्त मिनिट आणि उशीर.

पहिल्या वाक्याआधीच्या दोन सेकंदांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. चौथ्या मिनिटाला हसणं थांबलं. अकराव्याला मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. सरांनी नुकतं म्हटलं होतं, "गरम पाण्याचा पेला उघड्यावर ठेवला, तर..." आणि पुढचं वाक्य यायच्या आधीच तो आवाज म्हणाला, "थंड होईल." दोन सेकंदांनी फोन म्हणाला, "बरोबर." वर्गात खसखस पिकली, पण ही वेगळी होती. त्यानंतर प्रत्येक फटीत कुणी ना कुणी शिरू लागलं. अंदाज, चुकीचे अंदाज, भांडणं. मग एक मुलगी उभी राहिली. "सर, मला हे कळलंच नाही. आधी भरभर थंड होतं आणि मग हळू का?"

खिडकीतून मला सरांचे अंगठे दिसत होते. ते भराभर काहीतरी टाइप करत होते. ते थांबले. लिहिलेलं सगळं पुसलं. मग दोन सेकंद, आणि आवाज आला, "बस इथे पुढे. आपण मोजून बघू."

माझे डोळे भरून आले. नववीतली मी त्या बाकावर असते तर मीही उभी राहिले असते.

घंटा झाल्यावर मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि काकूंना म्हणाल्या, "सोमवारपासून तिन्ही तुकड्या यांच्याकडे." काकूंनी पिळलेला पदर सोडून सरळ केला.

सरांनी हात पुढे केला. वही मागत होते. मी दिली. एक ते सव्वीस मिनिटं, उशीर दोन, दोन, दोन. त्याखाली चौदा घरं कोरी.

"पुढची वाचनं?" फोन म्हणाला.

"घेतली नाहीत, सर. ऐकत राहिले."

"सगळीकडे दोनच असणार. लिहून टाकायचं होतं."

"मोजलं नव्हतं ना."

सरांनी खिशातून पेन काढलं. त्या चौदा कोऱ्या घरांखाली बारीक अक्षरात सही केली आणि शेजारी लिहिलं, दहापैकी दहा.