बेटावरची टिटवी

पौषात मनकर्णाचं सात महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. तेव्हापासून सासू गोदाबाई तिच्याशी कामापुरतंही बोलेना. तिकडं अमेरिकेत लढाई पेटल्यानं कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. लोक गाद्या उसवून आतला कापूससुद्धा विकत होते. मनकर्णाचा नवरा सहदेव बैलगाडी घेऊन सदा अकोल्याच्या वाटेवर. घरात या दोघीच उरत.

पूर्णा नदीतल्या बेटावर दरवर्षी त्यांची टरबुजांची वाडी असे. फळ धरलं की कोल्ह्यांपासून राखण लागे. "मी राहतो तिथं," मनकर्णा म्हणाली. सहदेवनं झोपडी घालून दिली. पाणी गुडघाभरच होतं. दोन दिवसांआड तो पीठमीठ देऊन जाई.

बेटावर बोलायला कुणी नव्हतं, आणि तेच तिला बरं वाटलं. सकाळी पाणमांजरं खडकावर येत, मासा दोन्ही हातांत धरून डोक्याकडून खात. ती झोपडीच्या दारात विणत बसे. नव्या रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांच्या तळावर ती वांगी विकायला जायची तेव्हा एका साहेबाच्या मडमेनं तिला दोन सुयांवर लोकर विणायला शिकवलं होतं. लेकरासाठी टोपडं करायचं होतं. आता ती नुसती पट्टी विणत राही. हात चालला की डोकं जरा थांबे.

चैत्रात वाडीच्या टोकाला, वाळूतल्या गोट्यांमध्ये टिटवीनं चार अंडी घातली. मनकर्णा रोज लांबून पाहू लागली. उन्हाच्या कडाक्यात टिटवी पोट भिजवून येई नि अंड्यांवर बसे. कोल्हा दिसला की ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावे. धोका नसला की गप्प.

एकदा सहदेवच्या गाडीचा आख मोडला, म्हणून गोदाबाई स्वतः पीठ घेऊन आली. ती वाळूतून येत असताना टिटवी ओरडत उठली. गोदाबाई जागीच थांबली. तिला अंडी दिसली आणि तिनं हातातली काठी उचलली.

"आत्याबाई, नका मारू!" मनकर्णा धावत आली.

"काहून? लेकरू गेलं त्या राती हीच घरावरून ओरडत गेली. मी माह्या कानानं आयकलं."

"मीबी आयकलं."

"मंग?"

मनकर्णाला रडू आलं, पण ती काठीपुढून हलली नाही. "पंचवीस दिवस झाले, मी तिले पाहून राहिली. कोल्हा आला की ओरडते. घार आली की ओरडते. आता तुमी आल्या म्हणून ओरडली. आपल्या घराचं तिले काय ठाऊक? ती तिच्या लेकरांसाठी ओरडते."

टिटवी दोघींच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा झेपावत होती. गोदाबाईनं काठी खाली केली.

"चाल, बाजूले हो. तिले बसू दे," ती म्हणाली.

दोघी झोपडीपाशी आल्या. टिटवी चार पावलं धावली, थबकली, पुन्हा धावली आणि अंड्यांवर बसली. गोदाबाई बराच वेळ तिकडंच पाहत होती. मग म्हणाली, "माहे दोन गेले. सहदेवच्या आंधी. माही सासू म्हणे, तुह्याच पायगुणानं गेले."

मनकर्णाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"मी तुले तसं म्हटलं नाई," गोदाबाई म्हणाली. "पण बोलली बी नाई. ते त्याहून वाईट."

मनकर्णानं तिला पाणी दिलं. गोदाबाई ते प्यायली आणि तिनं दारात पडलेली विणलेली लांबलचक पट्टी हातात घेतली. "हे काय करून राहिली?"

"टोपडं होतं. मडम पुढच्या तळावर गेली, शेवट कसा करायचा ते शिकायचं राहिलं."

गोदाबाईनं सुईवरचे टाके बोटानं चाचपले. "मासोळ्यांच्या जाळ्यासारखंच तं आहे. आण दोरा." तिनं एकेका टाक्यातून दोरा ओवला, सुई काढून घेतली आणि गाठ मारली. एकही टाका सुटला नाही.

त्या दिवशी ती गावात परतली नाही. तिसऱ्या दिवशी तीन अंडी फुटली. चौथं तसंच राहिलं. पिल्लं वाळूच्याच रंगाची, हलली तरच दिसत. गोदाबाई डोळे बारीक करून मोजायची, चुकायची, पुन्हा मोजायची.

सहदेव आईला न्यायला आला.

"तू जाय," गोदाबाई म्हणाली. "फळं उतरेपर्यंत आमी दोघी इथंच राहतो. आणि येताना लोकर आणजो. धनगराजवळ भेटन."