डाव्या कमानीची पिन

रेवदंड्याचा रशीद मिस्तरी माणसांचे दोनच प्रकार मानी: ज्यांना मोटार कळते ते, आणि बाकीचे. पहिल्या प्रकारात तो स्वतः होता. दुसरं नाव त्याला अजून सापडायचं होतं.

चौलचे सुपारीचे बागायतदार हरेश्वरशेट त्याच्या लेखी बाकीच्यांतही अगदी तळाला. चौतीस सालच्या थंडीत शेटनी मुंबईहून शर्यतीची विलायती गाडी आणली. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची. ती पडावातून बंदरावर उतरली तेव्हा रशीद हजर होता. गाडी बघून तो हरखला आणि मालक बघून खट्टू झाला. घरी येऊन बायकोला, जुलेखाला म्हणाला, "घोडा अरबी, आणि वर नारळाचं पोतं बसवलंय."

शेट ओहोटीच्या वेळी नागावच्या पुळणीवर गाडी पळवत. चाकांखाली खारं पाणी उडे, लोक जमत, शेट टोपी काढून दाखवत. घरी आल्यावर गाडी धुवायची असते, सांध्यांना वंगण घालायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बैलगाडीवाला आसाला वंगण घालतो, पण शेट मॅट्रिक होते.

होळीच्या सुमाराला गाडी खडखडायला लागली. शेटनी रशीदला बोलावलं.

रशीदनं आधी त्यांना गाडी हळू चालवायला लावली आणि स्वतः बाजूनं चालत राहिला. मोठ्या खड्ड्यात आवाज नव्हता. बारीक खडीवर टकटक होई आणि ब्रेक दाबला की एकच 'ठक्'. मग तो गाडीखाली शिरला. बागेतल्या गड्याला, धर्माला, पुढचा भाग दाबून सोडायला सांगितलं आणि एकेका सांध्यावर बोट धरत गेला. पुढच्या डाव्या कमानीशी, चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगशी, ती ठक् त्याच्या बोटाला लागली.

"शेट, कमानी चांगल्या हायत," तो बाहेर येत म्हणाला. "कमान चौकटीला जिथं टांगलीय ना, तिथली पिन झिजलीय. सगळं मीठ नि वाळू. पिन नि ती ज्यात फिरते ते पितळी बुश बदलूया. भिकू लोहार करून देईल."

"भिकू? बैलांना नाल मारतो तो?" शेट मोठ्यानं हसले. "मुंबईच्या दुकानदाराचं पत्र आलंय. कडक कमानी घाला, शर्यतीच्या. गाडी दुप्पट धावेल."

"त्यानं गाडी बघितली काय?"

"बघायला कशाला हवी? तो साहेबांच्या गाड्या विकतो. तू खटारा लॉरी हाकतोस. कमानी आल्या की बसव. डोकं मी चालवीन."

"बरं, शेट," रशीद म्हणाला. ज्या डोक्यावर टोपीसुद्धा सरळ बसत नाही, ते हा चालवणार!

कमानी आल्या. बसवताना त्यानं ती डावी पिन ओढून काढली आणि सवयीनं तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. मधोमध केसाएवढी चीर होती. शेट समोरच खुर्चीत सुपारी कातरत बसले होते. दोन शब्द सांगायला काय लागलं असतं? पण त्यांनी वर न बघता म्हटलं, "जोर लाव रे जरा, लॉरी नाही ती." रशीदनं पिनेला बोटभर घट्ट ग्रीस थापलं आणि तीच परत ठोकली.

घरी त्यानं चिरेचं हसत हसत सांगितलं, "आठ दिवसांत ठकठक करत येतील. मग बघू तोंड."

जुलेखा हसली नाही. "नि तुटली तर?"

"तुटली तर शेट वाळूत लोळतील. वाळू मऊ असते."

ग्रीसनं चार दिवस आवाज दाबून धरला. शेटनी साऱ्या आळीला बोलावून नव्या कमानी दाखवल्या. पाचव्या दिवशी ते बायकोला तिच्या माहेरी अलिबागला घेऊन निघाले. नीराबाईंचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. कडक कमानी प्रत्येक दगड अंगावर घेत होत्या. नागावच्या मोरीवर पिन तुटली, चाक मागं सरकलं आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन एका वाडीच्या दगडी गडग्यावर आदळली. शेटचा ओठ फाटला. नीराबाईंचं उजवं कोपर मोडलं.

रशीदची लॉरी मागून आली. त्यानं आधी नीराबाईंना लॉरीत बसवून दवाखान्यात पोचवलं. परत येऊन पिनेचे तुकडे शोधले. तुटलेली बाजू अर्धी काळी होती, अर्धी चकाकत होती. काळी म्हणजे जुनी चीर. ती त्यानं पाहिलेली.

"दगड आडवा आला," शेट सगळ्यांना सांगत होते. "नाहीतर काय गाडी आहे!"

आठवड्यानं रशीद आपणहून चौलला गेला. भिकूकडून चारही पिना नव्या करून आणल्या होत्या. कडक कमानी काढून त्यानं जुन्या परत चढवल्या. काम चालू असताना गळ्यात हात बांधलेल्या नीराबाई पडवीतून खाली आल्या.

"रशीदभाई, हे आधी ठाऊक होतं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं. शेटनी ऐकलं न्हाय. चीर मागनं दिसली, कमानी बसवताना."

"चीर दिसली तेव्हा सांगितलंत?"

रशीद हातातली नवी पिन फडक्यानं पुसत राहिला.

"त्यांना कळत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं," नीराबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला कळत होतं." आणि त्या आत गेल्या.

त्यांचं कोपर पुढं कधी पुरतं सरळ झालं नाही. गाडी मात्र गुपचूप चालू लागली. कमानी बदलल्याचं शेटच्या ध्यानातही आलं नाही. अलिबागच्या वकिलांना गाडीत बसवून ते म्हणत, "ऐका, आहे आवाज? मुंबईच्या कमानी!"

एरवी ही गोष्ट रशीदनं महिनाभर बंदरावर रंगवून सांगितली असती. आता त्यानं ती जुलेखालाही सांगितली नाही. दर शुक्रवारी नमाजानंतर तो ग्रीसचा डबा घेऊन चौलला जाई, गाडीखाली शिरून चारही पिना पुसून बघे. शेट म्हणत, "आला का रे? नीट कर हो." तो "व्हय, शेट" म्हणे. नीराबाई पडवीत डाव्या हातानं तांदूळ निवडत असत. त्यांनी त्याला कधी पाणी विचारलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही.