घंटेला शिवलेली टोपी

मी एक जुनी पितळी घंटा आहे. वजनाने भारी, आवाजाने त्याहून भारी! मित्रांनो, मी शाळेची नाही की देवळाची नाही. मी टेलर लोकांच्या मदत मंडळाची.

जुन्या कारागिरांनी पै-पै जोडून हे सभागृह बांधले. ज्यांची नजर गेली, ज्यांना कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी मागे खोल्या काढल्या. मंडळाची सरकारदरबारी नोंदणी केली. तेव्हापासून ही वास्तू सगळ्यांची, आणि म्हणूनच एकट्याची कोणाचीच नाही. ती विकायची तर सगळ्या सभासदांची सभा हवी, वर धर्मादाय अधिकाऱ्यांची परवानगी हवी. आणि मंडळाचा स्वतःचा नियम असा, की मी वाजल्याशिवाय सभा नाही. मी वाजले की गल्लीतली मशिने थांबत आणि माणसे गळ्यात टेप तशीच ठेवून येत. काय माझा रुबाब होता!

पुढे सभा कमी झाल्या. माझ्यावर धूळ बसली. अध्यक्ष मास्तरांनी मंडळासाठी हाडाची काडे केली होती, हे खरेच. पण हळूहळू ते म्हणू लागले, "मी वाढवलंय हे. विकायचं तर मला कोण विचारणार?" नियम तर मोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी माझ्या लोलकाला जाड कापडाची टोपी शिवली आणि मला वाजवले. थप, थप. चार मर्जीतली माणसे जमली आणि विक्री मंजूर झाली. मला फार अपमान वाटला.

मागच्या खोलीतल्या बटणवाल्या मावशींना दिसत नाही, पण कान तिखट आहेत. खोली रिकामी करा म्हटल्यावर त्यांनी थेट धर्मादाय अधिकाऱ्यांकडे तक्रारच केली.

अधिकारी बाई आल्या. "सभासदांना बोलावलं होतं?"

"बोलावलं की! नियमाप्रमाणे घंटा वाजवली."

"मग आता वाजवा."

मास्तर टोपी ओढू लागले. दुसऱ्या कोणी चिंधी बांधली असती, तर ती एका हिसक्यात निघाली असती. पण जन्मभर शिवणारा हात तो! दुहेरी दोरा, पक्की गाठ. टोपी निघेना. शेवटी त्यांनी तशीच दोरी ओढली. थप.

मावशी खळखळून हसल्या. "मास्तर, टाका मात्र झकास घातलात हो!"

"मंडळ तुम्ही वाढवलंत," अधिकारी बाई म्हणाल्या, "पण ते तुमचं नाही. विक्रीला परवानगी मिळणार नाही."

मास्तरांनी मान खाली घालून कात्री मागितली. टोपी स्वतः कापली आणि मला वाजवले. गल्लीतली मशिने थांबली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. मी वाजले की हातातले काम ठेवून या. कायदा आहे, मीही आहे. पण सभा माणसांनीच भरते.