बांधणीच्या भागात गेलेले तीन महिने

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क मी. संगणकात लिहिलेलं सारं मी पोटात जपत असे.

मला आणलं या घरच्या सुनेने. दीर तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी पॅकेजं बांधतात. म्हणजे इतरांनी लिहिलेले प्रोग्राम कुणालाही सहज बसवता येतील असे तयार करून देतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर आखून माझे चार भाग पाडले. एक संगणक चालवणाऱ्या यंत्रणेचा, एक तयार पॅकेजांचा, एक दिरांच्या कामाचा आणि सर्वांत ऐसपैस तो बांधणीचा. बांधताना पसारा फार होतो ना! तो भाग रोज सकाळी पुसून रिकामा करायचा, हा वहिनींचा नेम.

"वहिनी, मला एवढीशीच जागा? हा तर कोनाडा झाला!" दीर म्हणाले.

"मावेल हो, भाऊजी. तुमचं सामान ते केवढं!" वहिनी हसल्या.

पाच वर्षं मी निमूट राबले. "आमची डिस्क मोठी गुणाची," असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला वाटे, ही माझी माणसं.

भाऊजींच्या आईंची नजर अधू झाली होती. त्यांना पत्रं वाचून दाखवणारा प्रोग्राम भाऊजी लिहीत होते. तीन महिन्यांत कोनाडा भरला. त्यांनी दोनदा जागा मागितली. "बघू नंतर," वहिनी म्हणाल्या. शेवटी एका संध्याकाळी भाऊजींनी सगळं काम बांधणीच्या मोकळ्या भागात हलवलं. तिथला नेम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

सकाळी वहिनींचा पुसण्याचा हुकूम आला. मी तो पाळला.

"सगळं गेलं, वहिनी! या डिस्कने दगा दिला," भाऊजी कपाळाला हात लावून बसले.

वहिनींनी मला तपासलं. एकही दोष निघाला नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना सगळं उमगलं होतं. आता सांगतील, म्हणून मी वाट पाहिली.

"जुनीच झाली होती हो ती," त्या हळूच म्हणाल्या. "बदलून टाकू."

आतून आईंनी विचारलं, "मग माझी पत्रं कधी रे वाचून होणार?"

"पुन्हा पहिल्यापासून लिहायला हवं, आई."

"जळली मेली ती डिस्क!" आई म्हणाल्या.

मित्रांनो, जागेची वाटणी करताना ज्याला तिथे राहायचं आहे त्याचं ऐका. नेम केलात, तर तो घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला. आणि आपली चूक मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. तिला उलट बोलता येत नाही. पण तिला सगळं ठाऊक असतं.