तीन ओळींचा झरा

अडुसष्टाव्या वर्षी नवा मित्र मिळणं हे नवा दात येण्याइतकंच दुर्मीळ. त्यामुळे तो मिळाल्यावर लेखकसाहेब जरा बावचळलेच.

ओळख झाली फिजिओथेरपीच्या खोलीत. शेजारशेजारच्या दोन पलंगांवर दोघं आपापला गुडघा लाल दिव्याखाली शेकत पडले होते. पलीकडचा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचा, आता निवृत्त. आवाज असा की पाचव्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला तळमजल्यावरून धीर द्यावा.

“तुम्ही काय करायचात?” त्यानं विचारलं.

खरं उत्तर होतं, “टेबलाशी बसायचो.” पण दिव्याची ऊब म्हणा, की पट्ट्या बांधणारी मुलगी ऐकत होती म्हणून म्हणा, तोंडून निघून गेलं, “पुस्तकं लिहायचो. डोंगरांची. एकोणीस.”

“म्हणजे ते खिशात मावणारं हिरवं पुस्तक? ते तुमचं?” लिफ्टवाला असा उठून बसला की गुडघ्याच्या दोन वायरी निघाल्या. “अहो लेखकसाहेब! माझ्याकडे आहे ते! पाठ आहे!”

त्यांना आयुष्यात कुणी लेखकसाहेब म्हटलं नव्हतं. घरात ते ‘बाबा’, ऑफिसात ‘ते कोपऱ्यातले’. बायको गेल्यापासून अकरा वर्षं त्यांच्याशी आपणहून बोलणारी माणसं म्हणजे मुलगी आणि चुकीचा नंबर लागलेले लोक. तेव्हा त्यांनी ती पदवी मुकाट्यानं घेतली आणि तिथेच फसले.

कारण त्यांनी डोंगरांवर एकोणीस पुस्तकं लिहिली होती आणि एकही डोंगर चढला नव्हता. मोजणी खात्याचे जुने अहवाल, गिर्यारोहकांची पत्रं, कुणाकुणाच्या वह्या असं सगळं पुढ्यात घेऊन ते वाटा उतरवून घ्यायचे. इथवर ठीक होतं. पण पानात चौतीस ओळी बसायच्या आणि प्रकाशनाच्या मालकांना पान रिकामं खपत नसे. “पान उघडं ठेवू नका हो, लाज वाटते,” ते म्हणायचे. मग लेखकसाहेब पान झाकायचे. कुठे एक सूर्यास्त घालायचा, कुठे एखादा पक्षी. पक्षी काय, उडून जातो, जाब कोण विचारणार?

“त्या बाविसाव्या पानावरचा झरा,” पुढच्या भेटीत लिफ्टवाला म्हणाला, “सहा वर्षांपूर्वी शोधायला गेलो होतो. नाही सापडला. माझंच काहीतरी चुकलं. डावीकडे उतरता उतरता घळीत पडलो, हा गुडघा तिथलाच. चौघांनी पलीकडच्या बाजूनं उचलून खाली आणलं. पण आता खुद्द तुम्हीच भेटलात! गुरुवारी जायचं. तुम्ही पुढे, मी मागे.”

बाविसावं पान लेखकसाहेबांना लख्ख आठवत होतं. तीन ओळी कमी पडत होत्या, दुपारचे चार वाजले होते आणि त्यांना तहान लागली होती.

सांगून टाकावं, तर मित्र गेला. न सांगावं, तर डोंगर आला. त्यांनी डोंगर पत्करला.

“बाबा, तुम्हाला गॅलरीतून खाली बघितलं तरी गरगरतं,” मुलगी म्हणाली.

“धुकं असणार आहे,” ते म्हणाले. “खालचं दिसणार नाही.”

धुकं होतंच. पायथ्याला बसमधून उतरले तेव्हा समोर डोंगर आहे हे पाटीवरूनच कळलं. लिफ्टवाला खूश. “तुम्हाला काय, डोळे मिटून वाट माहीत!” लेखकसाहेब हसले. डॉक्टरांनी आ करायला सांगितल्यावर माणूस हसतो, तसे.

पहिला तास चढ सोपा होता, कारण वाट एकच होती. ते पुढे चालत आणि प्रत्येक वळणावर थांबून गंभीरपणे “हं” म्हणत. लिफ्टवाला मागून आदरानं “हं” म्हणे. एका कातळावर बसून त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मग लिफ्टवाल्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी हातांवर ओतून हात धुतले.

“अहो! पाणी!”

“झरा आलाच की! हाच तो सपाट कातळ. इथून डावीकडे पाच मिनिटं.” त्यानं पुस्तक काढून खणखणीत आवाजात वाचलं, “‘पाणी इतके गोड, की वाटसरू पुन्हा पुन्हा ओंजळ भरतो.’ वा! तुम्ही किती ओंजळी प्यायलात तेव्हा?”

“आठवत नाही,” लेखकसाहेब पुटपुटले. “बसा जरा. घाई काय आहे.”

पण तो उठलाच. डावीकडच्या उतारावर दहा पावलांत धुक्यानं त्याला गिळलं. आधी काठी ऐकू येत होती. मग खडे घरंगळल्याचा आवाज. मग मोठे खडे.

“सापडतोय, सापडतोय!” खालून आवाज आला. “इथे ओलं लागतंय!”

लेखकसाहेबांना एकदम दिसलं की हा माणूस त्यांच्या चार वाजताच्या तहानेपायी दुसराही गुडघा घालवणार, नाहीतर सगळाच जाणार. त्यांना आवाज फुटला. इतका मोठा आवाज आपल्याला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“वर या! झरा नाहीये तिथे!”

“काय?”

“झरा नाहीये! मी लिहिला तो!”

“अहो, तुम्ही लिहिला म्हणूनच शोधतोय ना!”

“रचला! मनानं रचला! तीन ओळी कमी पडत होत्या!”

खडे थांबले. मग काठी वर येऊ लागली, टक, टक, आणि धुक्यातून लिफ्टवाल्याचं लालबुंद डोकं बाहेर आलं.

“अरे,” तो म्हणाला. आतापर्यंतचं अहोजाहो खाली घळीतच राहिलं होतं. “अरे, सहा वर्षं मी स्वतःला गाढव म्हणत आलो. लोकांना सांगत आलो, पुस्तक बरोबर आहे, मीच गाढव. इथे याआधी कधी आला होतास?”

“नाही.”

“दुसरा कुठला डोंगर?”

“नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं.”

“लिफ्ट होती?”

लेखकसाहेबांनी मान खाली घातली. “होती.”

लिफ्टवाल्यानं पुस्तक जमिनीवर आपटलं, सॅक उचलली आणि तो ताडताड निघून गेला. लेखकसाहेब कातळावर बसून राहिले. चला, संपलं. पुन्हा मुलगी आणि चुकीचे नंबर. पाचेक मिनिटांनी उलट्या बाजूनं पावलं वाजली आणि लिफ्टवाला परत त्याच कातळाशी येऊन उभा राहिला.

“तू अजून इथेच?” तो ओरडला.

“तुम्ही गोल फिरून आलात.”

दोघांनी आजूबाजूला पाहिलं. वाट कुठून वर आली होती तेही आता दिसत नव्हतं.

“वाचा,” लेखकसाहेब पुस्तक पुसून पुढे करत म्हणाले. “उतरायचं पान तेवीस.”

“म्हणजे अजून एका खड्ड्यात घालणार?”

“वाचा तरी.”

“‘कातळाच्या पाठीमागून वाट दोन जुळ्या खडकांमधून...’”

“हे आठवत नाही मला,” ते म्हणाले. “म्हणजे खरं असणार.”

“काय बरळतोस?”

“जे खरं होतं ते नुसतं उतरवून घेतलं. ते कशाला लक्षात राहील? थापा मात्र एकेक रात्री जागून... म्हणजे दुपारी बसून जुळवल्यात. त्या सगळ्या पाठ आहेत.”

कातळामागे जुळे खडक निघाले. लिफ्टवाल्यानं पुढचं वाक्य वाचलं. “‘पुढे उजवीकडे एक प्रेमळ धनगरीण...’”

“‘...वाटसरूची विचारपूस करते आणि आपल्या नातवंडांच्या गोष्टी सांगते.’ खोटी. सोडा.”

“अरेरे. ही मला आवडायची.”

“मलाही. पुढे काय आहे?”

“‘वठलेल्या झाडापासून डावी वाट सोडावी.’”

“आठवत नाही. सोडू या डावी.”

असे ते उतरत राहिले. जिथे लेखकसाहेबांना एक अक्षर आठवत नसे, तिथे पाऊल टाकायचं. जिथे ते घडाघडा म्हणू लागत, तिथे लिफ्टवाला एक शिवी हासडून पुढची ओळ धरायचा. दोन सूर्यास्त, एक गुहा आणि निळ्या पंखांचा पक्षी वगळून, घशाला कोरड पडलेली असताना, पावणेदोन तासांनी ते डांबरी रस्त्याला लागले. शेवटच्या उतारावर लेखकसाहेब दोनदा बसून घसरले. लिफ्टवाल्यानं हात दिला नाही, पण काठी मागे धरली.

बसथांब्याच्या नळावर दोघं पाणी प्यायले. कुणी ओंजळी मोजल्या नाहीत.

बस रिकामीच होती. लिफ्टवाला खिडकीशी बसला आणि शेजारच्या जागेवर त्यानं सॅक ठेवली. बसमध्ये पन्नास जागा मोकळ्या होत्या, तरी लेखकसाहेब दांडा धरून त्या सॅकपाशी उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, बसा की कुठेतरी.” ते नुसते हसले. एक थांबा गेला. दुसरा गेला. वळणावर बस कलली तसे ते जवळजवळ सॅकवरच पडले.

लिफ्टवाल्यानं बाहेर बघतच सॅक उचलून मांडीवर घेतली.

ते अंग चोरून बसले.

“बोलायचं नाही,” लिफ्टवाला म्हणाला.

“नाही बोलत.”

खिडकीबाहेर पांढरं धुकं होतं, दुसरं काही नाही. एका थांब्यापुरती शांतता टिकली.

“एकोणीस पुस्तकं म्हणालास ना?”

“एकोणीस.”

“पुढच्या गुरुवारी दुसऱ्या पुस्तकातल्या डोंगराला जायचं. आणि पाण्याच्या बाटल्या सगळ्या तू वाहायच्या.” त्यानं डोकं काचेला टेकून डोळे मिटले. “बाहेर काही दिसलं तर मला सांगू नकोस. तुझ्यावर विश्वास नाही माझा.”