इझाबेलचे शेरे

मी लॉग फाइल बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. शाळेत हजेरीपट असतो ना, तशी मी एका कॉम्प्युटरची रोजनिशी. तो दिवसभर काय करतो ते मी मुकाट्याने लिहून ठेवते. काही बिघडलं तरच माणसांना माझी आठवण होते. एरवी मला कोणी उघडूनही बघत नाही.

माझा जन्म गिरीज गावचा. ॲन्सेल्म यांच्या घरी, ओटीमागच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी एक जुना कॉम्प्युटर अष्टौप्रहर चालू असतो. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. म्हणजे ॲल्रॉय म्हणतो, म्हणून बाकीचे म्हणतात. ॲल्रॉय हा ॲन्सेल्म आणि इझाबेल यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला नोकरीला. विहिरीपर्यंत जाता-येता आईचे गुडघे दुखतात, म्हणून सहा वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत त्याने ही सोय करून दिली. मोबाइलवर बटण दाबलं की मोटर सुरू, परत दाबलं की बंद. शेजारच्या व्हॅलेरियनची नागवेलही त्याच मोटरीवर. बटणाखाली त्याने एक रिकामी चौकट ठेवली होती, 'शेरा' नावाची. पाणी कशाला सोडलं ते तिथे लिहायचं. ते सगळं येऊन पडायचं आमच्या पोटात.

"तू काय लिहिशील ते माझ्यापर्यंत पोचेल," असं तो आईला म्हणाला होता. पहिल्याच आठवड्यात इझाबेलने लिहिलं, "मोटर घरघर करते." तासाभरात बंगळुरूहून फोन आला, "आय, बंद कर ती, मी माणूस पाठवतो." झालं! पोरगा रोज वाचतो, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढे मोटर नीट चालू लागली आणि पोरगा वाचायचा थांबला. हे तिला कोण सांगणार?

त्या वेळी आमच्या घराण्यात एकच फाइल होती, आमची आजी. विहिरीत पाणी किती, ते ती मिनिटामिनिटाला लिहायची. लिहून लिहून इतकी फुगली की कॉम्प्युटरमधली जागाच संपली आणि ऐन मे महिन्यात मोटर सुरू होईना. व्हॅलेरियनच्या नागवेलीने माना टाकल्या, आणि व्हॅलेरियनने ओटीवर येऊन चार शब्द सुनावले. ॲल्रॉयने बंगळुरूत बसूनच आजीला पुसून टाकलं. पुसण्याआधी उघडून न बघता. तिच्या पोटात इझाबेलची दीड वर्षं होती.

मग त्याने सात ओळींचा नियम लिहिला. दर रविवारी पहाटे नवी कोरी फाइल उघडायची. आधीचीला एक नंबर द्यायचा. एकची दोन होणार, दोनची तीन, तीनची चार, आणि चौथीला पुसायचं. नियमात नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर मोटर एकदाही अडली नाही.

"जुनं लिहिलेलं कुठं जातं रे?" ॲन्सेल्मनी फोनवर विचारलं होतं.

ॲल्रॉय घाईत होता. "रहाटासारखं आहे, बाबा. एक गाडगं खाली जातं, दुसरं वर येतं. फिरत राहतं."

ॲन्सेल्मनी लहानपणी त्याच विहिरीवर रहाटाचा बैल हाकला होता. खाली गेलेलं गाडगं भरून वर येतंच, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तसंच इझाबेलला सांगितलं आणि दोघंही निर्धास्त झाली.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. नंबर मिळालेल्या आम्ही चौघी शेजारी शेजारी बसतो. जाणारी चौथी जाता जाता राहिलेल्यांच्या कानात सांगून जाते. पण सांगून किती सांगणार? गोष्ट पोचते, शब्द पोचत नाहीत. इझाबेलचे शब्द म्हणाल तर माझ्याकडे फक्त पाच दिवसांचे आहेत.

मी एका रविवारी जन्मले. रविवार देवळाचा, म्हणजे चर्चचा, त्या दिवशी ती पाणी सोडत नसे. सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिची माझी पहिली भेट झाली. घरात ती वाडीची बोली बोलायची, पण लिहायची मात्र सातवीपर्यंत शिकलेल्या शाळेच्या भाषेत, काना-मात्रा सांभाळून.

सोमवार : "केळीला पाणी सोडले. ॲल्रॉय, फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. आल्याचा काढा घे."

मंगळवार : "मोगऱ्याला पाणी. बाबा पुन्हा शिडीवर चढले. माझे ऐकत नाहीत. तू सांग."

बुधवार : "केळफुलाची भाजी केली. तुझ्या वाटणीची वाटीत काढून ठेवली, मग हसू आले."

गुरुवार : "काल संध्याकाळपासून छातीत दुखते आहे. बाबांना सांगितले नाही, घाबरतील. तुला फोन केला असता, पण तू कामात असतोस. वाचशील तेव्हा कर."

मी ते लिहून घेतलं. दुसरं मी काय करणार? मला तोंड नाही. आज सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या जन्माचा राग आला. इतकं मोठं वाक्य माझ्या पोटात होतं आणि त्याच्या खाली-वर नुसती विहिरीच्या पाण्याची मापं.

गुरुवारी फोन आला नाही.

शुक्रवार, सात वाजून बारा मिनिटं : "केळीला पाणी. आज थकवा आहे. तू जेवलास का?"

ती मोटर चाळीस मिनिटांनी बंद करायची. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. मी लिहीत राहिले, मोटर चालू, मोटर चालू, विहिरीत पाणी कमी. नऊला चार मिनिटं असताना कोणीतरी वाडीत जाऊन हाताने मोटर बंद केली. ते ॲन्सेल्म होते. इझाबेल त्यांना केळीच्या बुंध्याशी पाण्यात पडलेली सापडली.

दोन दिवसांनी रविवार आला आणि मला एक नंबर मिळाला.

दफनाला ॲल्रॉय आला, चार दिवस राहिला, परत गेला. माझ्यानंतर जन्मलेल्या बहिणींच्या पोटात काही नाही. मोटर सुरू, मोटर बंद, शेरा रिकामा. ॲन्सेल्मना लिहायला कधी जमलंच नाही. मी एकची दोन झाले, दोनची तीन, तीनची चार. त्या शनिवारी इझाबेलला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती, ॲल्रॉय त्यासाठी पुन्हा आला होता, आणि रविवारी पहाटे माझी पाळी होती.

मिस्सा झाली, पाहुणे जेवून गेले. दुपारी बापलेक ओटीवर बसले होते. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडं होतं.

"ॲल्रॉय, तिची पत्रं थोडी वाचून दाखव ना मला," ॲन्सेल्म म्हणाले. "माझ्या डोळ्यांना आता मोबाइलवरचं दिसत नाही."

"कसली पत्रं, बाबा?"

"अरे, मोटर लावताना रोज लिहायची ती. तुलाच तर लिहायची. तू वाचायचास ना?"

ॲल्रॉय उठून आत आला, तांदळाच्या पिंपावर बसला. पहिली फाइल उघडली, दुसरी, तिसरी. मग मला उघडलं. आजीच्या पहिल्या दिवसांनंतर आमच्या घराण्यात कोणाचे शेरे वाचले गेले, तर ते माझेच. एवढी वाट पाहिली होती त्या क्षणाची, पण त्याचा चेहरा बघून वाटलं, न उघडलेलंच बरं होतं.

त्याने सोमवार मोठ्याने वाचला. मंगळवार वाचला, तेव्हा दारात उभे असलेले ॲन्सेल्म जरासे हसले. बुधवार त्याने हळू आवाजात वाचला. गुरुवार त्याने मनातच वाचला, तीन-चार वेळा, मग शुक्रवार, आणि कपाळ टेबलावर टेकलं.

"तिने लिहिलं होतं, आणि मी..." तो म्हणाला.

ॲन्सेल्मनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, पोरगा आठवणीने रडतोय. "रडू नको, पोरा. बाकीची काढ वर. सहा वर्षांची असतील. रोज थोडी थोडी वाचू."

"बाकीची नाहीत, बाबा."

"नाहीत कशी? तूच म्हणाला होतास, रहाटासारखं फिरतं."

"मी चुकीचं सांगितलं. खाली गेलेलं वर येत नाही. मीच पुसायला लावलं होतं."

म्हातारा रागावला नाही. "ती विचारायची मला, पोचत असेल ना? मी म्हणायचो, पोचतंय, पोचतंय," एवढंच म्हणाला आणि वाडीत निघून गेला.

ॲल्रॉयने तो सात ओळींचा नियम काढून टाकला. रविवारची पहाट आली आणि गेली, मी आहे तिथेच आहे. नंबर चार. आज ना उद्या जागा भरेल, मोटर पुन्हा अडेल, व्हॅलेरियन ओरडेल, हे त्यालाही कळतं.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, बाबांनो. जुनं टाकायला आमची ना नाही. जागा तर लागतेच. पण पुसण्याआधी एकदा उघडून बघत जा, आत कोणी तुमच्याशी बोलत तर नाही ना.

त्या शनिवारी संध्याकाळी ॲल्रॉयने वडिलांचा मोबाइल हातात घेतला, केळीला पाणी सोडलं आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, "आय, जेवलो."

ते माझ्यात आलं नाही. मी बंद झालेली फाइल. माझ्यात आता कोणालाच काही लिहिता येत नाही. ते गेलं त्या आठवड्याच्या फाइलीत. तिने विचारलेलं 'तू जेवलास का?' माझ्याजवळ तसंच पडून आहे.