ऐंशीवर हळू, पंचावन्नवर जोरात

पहिली उडी मारली ती जंगूबुढ्यानं. सत्तरी उलटलेला माणूस. गाडीत चढताना दोघांचे हात धरल्याशिवाय ज्याचा गुडघा वर उठत नाही, तो कंडक्टरबाईच्या झोळ्यातून किंकाळी निघाल्याबरोबर मागच्या संकटकाळच्या खिडकीतून थेट खाली! मग काय विचारता, सगळी गाडीच उठली. कोणी म्हणे आग, कोणी म्हणे टायर फुटला, एकानं तर "बॉम्ब, बॉम्ब" म्हणून बोंबच ठोकली. गाडी आलापल्लीच्या स्टँडवर उभी होती म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी किती हातपाय मोडले असते कोण जाणे. दोन मिनिटांत आत फक्त दोन बाया उरल्या. एक स्वतः कंडक्टर दामिनी भानारकर आणि दुसरी या गाडीची नेहमीची प्रवासी कलाबाई.

"मी नाई उतरत बापा," कलाबाई म्हणाली. "माया कोंबड्या सीटखाली बांधल्या हायेत. त्याईले सोडून जाऊ का?"

ड्रायव्हर सोमाजी आत्राम चहाचा ग्लास हातात घेऊनच धावत आला. "का झालं बाई? का वाजून राह्यलं?"

दामिनीनं झोळ्यात हात खुपसून फोन काढला आणि त्याचं तोंड दाबलं. "काई नाई भाऊ. मोबाईलचा अलारम हाय. माया बहिणीनं गंमतीनं लावून ठेवला."

बहिणीनं लावला हे खरं होतं. गंमतीनं मात्र नाही.

दामिनीला साखरेचा आजार होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं ती सकाळी उठून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होती. हे घरात नवऱ्याला ठाऊक, आणि चंद्रपुरात नर्स असलेल्या धाकट्या बहिणीला, दीपिकाला ठाऊक. आगारात कोणालाही नाही. मागच्या रविवारी दीपिका आली आणि तिनं ताईच्या दंडावर, गणवेशाच्या बाहीआड, दोन रुपयांच्या नाण्याएवढं एक बटण चिकटवलं. ते बटण घटकाघटकाला अंगातली साखर मोजतं आणि फोनला सांगतं. त्याला ना टॉवर लागतो ना नेटवर्क, म्हणजे जंगलाच्या लाइनवर सोन्याहून पिवळं. साखर सत्तरच्या खाली उतरली की फोन बोंबलतो. किती जोरात बोंबलायचं ते दीपिकानं ठरवलं होतं, आणि तिनं काही हात आखडता घेतला नव्हता.

त्या दिवशी साखर काही फार उतरली नव्हती. सत्तरच्या जरा खाली गेली होती, एवढंच. दोन बिस्किटांचं काम. पण अब्रूचं खोबरं झालं ते झालंच.

घरी पोचल्याबरोबर तिनं बहिणीला फोन लावला.

"दीपे, तुया त्या भोंग्यानं सारी गाडी खाली उतरवली! जंगूबुढा खिडकीतून कुदला!"

पलीकडून दीपिका आधी पोट धरून हसली, मग नर्स झाली. "ताई, आवाज कमी करू नको. तुले शुगर उतरल्याचं समजतच नाई आता. आधी शुगर जराशी उतरली तरी घाम येत होता, हात कापत होते, तं समजत होतं. आता एकदम डोकं फिरते. आगारात सांगून काऊन नाई टाकत?"

"सांगतलं तं लाइनवरून काढतीन न् बुकिंगच्या खिडकीत बसवतीन."

"मंग बस ना! लाज मोठी का जीव मोठा?"

"जीवच मोठा हाय," दामिनी म्हणाली, "पन तो खिडकीत कोंडून ठेवाले दिला का देवानं?"

आलापल्लीवरून कोत्तागुड्याला जाणाऱ्या या लाइनवर दामिनीची चौदा वर्षं गेली होती. कोणत्या फाट्यावर कोण चढणार, कोणाच्या टोपलीत काय, कोणाची पोर कोणत्या गावी दिली, हे तिला तोंडपाठ. चारोळीच्या मोसमात बाया तिच्या ओंजळीत मूठभर चारोळी टाकून जात. तिला खिडकीच्या जाळीआड बसवणं म्हणजे मासोळीला बालटीत ठेवणं, आणि दामिनीसारख्या ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या पोरीला बालटीतल्या मासोळीचं पुढं काय होतं ते सांगायला लागत नाही.

मग सुरू झाले आवाजाचे प्रयोग. भोंगा नको म्हणून तिनं फोनमध्ये हुडकून हुडकून पाखरांचा किलबिलाट लावला. गोड आवाज, कोणी घाबरायचं कारण नाही. पण दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, त्यात थंडीचे दिवस, झाडाझाडावर पाखरं. फोन दुपारभर झोळ्यात गात बसला आणि बाई खिडकीबाहेर बघत म्हणते कशी, "यंदा पाखरं लय झाली नाई, भाऊ?" नशीब की त्या दिवशी डबा खाल्लेला होता, म्हणून साखर सत्तरच्या फार खाली गेली नाही.

पाखरं गेली आणि आवाज पार बंद करून तिनं फोन नुसता थरथरण्यावर ठेवला. फोन मुका केला तरी साखर फार उतरल्यावर बोंबलायचंच, अशी जी एक परवानगी दीपिकानं फोनला देऊन ठेवली होती, तीही काढून घेतली. फोन थरथरला की आपल्याला कळेलच. आता त्या रस्त्यावरून ज्यानं एसटीनं प्रवास केला आहे तो इथेच कपाळावर हात मारून घेईल. अहो, गाडीचा पत्रा थरथरतो, काचा थरथरतात, माणसाची बत्तीशी थरथरते. त्यात एक बिचारा फोन थरथरून थरथरून किती थरथरणार?

बुधवारी गाडी वर्कशॉपमधूनच उशिरा निघाली. दामिनीनं सकाळी सहाला सुई घेतली होती. रोज आलापल्लीला दहा मिनिटं गाडी थांबे आणि ती डबा उघडे. त्या दिवशी उशीर भरून काढायचा म्हणून ते थांबणंही गेलं. "कोत्तागुड्याले पोचून खातो," असं ती स्वतःलाच म्हणाली आणि तिकिटं फाडायला... म्हणजे आता मशीनमधून काढायला लागली.

कलाबाईला तिनं तिकीट दिलं. पुढं गेली, परत आली. "तिकीट?"

"दिलं ना बाई आत्ताच."

पुन्हा पुढं गेली, पुन्हा आली. "तिकीट घ्या वो, तिकीट."

"अवं, हे का हातात हाय!"

"फुकट बसाची सवय लागली का तुमाले?" दामिनी खेकसली. चौदा वर्षांत कोणावर आवाज न चढवलेली बाई. कलाबाई रागावली नाही. ती डोळे बारीक करून नुसती बघत राहिली.

मग दामिनीनं दोरी ओढली. एक बेल. सोमाजीनं गाडी थांबवली. पाहतो तर फाटा नाही, गाव नाही, उतरणारं कोणी नाही. पुलाच्या कठड्यावर वानरं बसलेली. तेवढ्यात दोन बेल. त्यानं गियर टाकला. पुन्हा एक. पुन्हा दोन. पुन्हा एक, लगेच तीन.

सोमाजीनं इंजिनच बंद केलं आणि उठून मागं आला. "एक बेल थांब, दोन बेल चाल. हे का लावलं बाई? लगनाचा बँड हाय का?"

आणि मग त्याला तिचं तोंड दिसलं. माघाची थंडी, लोक शालीत गुंडाळलेले, आणि बाईच्या कपाळावरून घामाच्या धारा. नजर कुठे भलतीकडेच. इंजिन बंद झाल्यामुळे गाडी शांत झाली होती, आणि त्या शांततेत झोळ्यातून घुर्र, घुर्र असा आवाज येत होता. वीस मिनिटांपासून येत असावा.

"शुगर उतरली हिची!" कलाबाई उठलीच. "माया जवाई असाच करते. घरच्याईलेच वळखत नाई. काई गोड काढा रे कोनी!"

"मले काई नाई झालं! तिकीट घ्या आधी!"

"खा, मंग भांडजो." कलाबाईनं बाळंतीण लेकीसाठी नेत असलेल्या पोटलीची गाठ दातांनी सोडली आणि मोहाचा लाडू दामिनीच्या तोंडात कोंबला. एकानं गुळाचा खडा दिला, कोणी लेकराच्या हातातली गोळी घेऊन दिली, ते लेकरू रडायला लागलं. दामिनी चिडत होती, हात झटकत होती आणि कलाबाई तिचा जबडा धरून सांगत होती, "गिळ! गिळ म्हनतो ना!"

दहा-बारा मिनिटांनी दामिनीच्या डोळ्यांत दामिनी परत आली. समोर चाळीस माणसं उभी, तोंडात गुळाची चव, गणवेशावर लाडवाचा चुरा. तिनं फोन काढला. एकोणपन्नासपर्यंत उतरल्याची नोंद होती. खाली पुलाकडे लक्ष गेलं. दार उघडं होतं. एरवी ती तिथेच पायरीवर एका हातानं लटकून उभी असते. आज ती त्या दारातून गेली असती आणि फोन झोळ्यात आपला शहाण्यासारखा थरथरत राहिला असता. ती सीटवर बसली आणि लेकरासारखी रडली.

"चवदा वर्सं," सोमाजी हळूच म्हणाला. राग नव्हता, लागलं होतं त्याला. "चवदा वर्सं तुमच्या बेलावर गाडी काढतो मी, मांगं वळून पायत नाई. न् मले सांगाचं नाई?"

"सांगतलं असतं तं खिडकीत बसवलं असतं, भाऊ."

"बसवू द्या. खिडकीत तरी दिसान ना डोळ्याले."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी डेपो मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. सोमाजी दाराशी. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि तिला भीती होती तेच बोलला, "बाई, मग तुम्ही बुकिंगलाच बसा."

दामिनीनं हे उत्तर रात्रभर घोकून ठेवलं होतं. "साहेब, खिडकीत बसली तरी शुगर उतरनारच. तिथी मी एकटी राहीन. गाडीत चव्वेचाळीस मानसं राह्यतेत."

साहेब जरा विचारात पडला. "आवाज ऐकवा बरं."

तिनं ऐकवला. टेबलामागच्या कारकून गिरजाबाईंच्या हातातला चहा हजेरीपटावर सांडला. साहेब कानावर हात ठेवून म्हणाला, "अहो, हा कमी करा!"

"कमी करू नका साहेब," सोमाजी दारातून बोलला. "कमी केल्यानंच झालं."

मग आगाराच्या आवारात परीक्षा झाली. सोमाजीनं गाडी चालू करून ॲक्सिलेटर दाबून धरला, दामिनी मागच्या बाकावर बसली, फोन झोळ्यात, साहेब मध्ये उभा आणि दीपिका गिरजाबाईंच्या फोनवरून चंद्रपुराहून हुकूम सोडते आहे. हा आवाज ड्रायव्हरपर्यंत जात नाही, तो हॉर्नसारखा वाटतो. अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी दीपिकाच ओरडली, "ताई, एकच आवाज काऊन पायजे तुले? दोन ठेव! ऐंशीवर हळू वाजू दे, तुयापुरता. तेवढ्यात खाल्लं तं झालं. पंचावन्नवर बोंबलू दे, साऱ्या गाडीले ऐकू येऊ दे. पहिल्याले मान दिला तं दुसरा वाजनारच नाई!"

"लाखाची गोष्ट बोलली पोरगी," सोमाजी म्हणाला.

हळू आवाजासाठी फोन झोळ्यातून निघून दामिनीच्या खिशात, छातीपाशी आला. डॉक्टरनं लाइनवर काम करण्याचं पत्र दिलं. साहेबानं एकच अट घातली: दर फेरीला, गाडी सुटायच्या आधी, प्रवाशांना सांगायचं. परत कोणी खिडकीतून उडी मारायला नको.

अट ऐकायला सोपी होती. सोमवारी आलापल्लीच्या स्टँडवर भरलेल्या गाडीत उभी राहिली तेव्हा दामिनीच्या लक्षात आलं की ती अट किती जड आहे. चौदा वर्षं खड्या आवाजात फाट्यांची नावं पुकारणारी बाई, पण हे पुकारणं वेगळं होतं. चार वर्षं लपवलेलं चव्वेचाळीस माणसांपुढं टाकायचं. तिनं बाही वर सरकवली.

"ऐका वो साऱ्याईनं! मले शुगर हाय. इन्सुलिन घेतो मी. हे बटन शुगर मोजते. माया फोन बोंबलला तं आग नाई, बॉम्ब नाई, कोनी कुदाचं नाई. मी गूळ खाईन, गाडी पंधरा मिनिटं उभी राहीन. मी उलटसुलट बोलली तं मनावर घ्याचं नाई, मले धरून खाऊ घालाचं. कोनाले घाई असन तं त्यानं पुढच्या गाडीनं यावं. पुढची गाडी उद्या साडेनवाले हाय."

गाडी खदखदून हसली. जंगूबुढा तर मांडीवर थाप मारून हसला. दामिनीही हसली, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला मोकळं वाटलं. "कोनाले काई विचाराचं हाय का?"

मागच्या बाकावरून लहानू उठला. फॉरेस्टच्या कूप कटाईला, म्हणजे सरकारी जंगलतोडीला जाणारा, पस्तिशीचा धिप्पाड गडी. दर सोमवारी जायचा, शनिवारी यायचा. डोक्याचा दुपट्टा काढून तो हातात पिळत उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मलेबी हाय. दोन वर्सं झाले. सुई घेतो. मुकादम कामावरून काढन म्हून कोनाले सांगतलं नाई. घरीबी नाई."

दामिनीनं आपल्या बाजूच्या सीटवरचा झोळा उचलून मांडीवर घेतला. "समोर ये लहानू. इथी बस." तो येऊन अंग चोरून बसला. "सुई घेतली सकाळी?"

"घेतली."

"न् खाल्लं का?"

त्यानं मान हलवली. घाईत निघाला होता. दामिनीनं आपला डबा उघडून त्याच्या हातात दिला आणि तो भाकर खाऊन संपवेपर्यंत तिनं बेल दिली नाही. घाईवाल्यांपैकीही कोणी हूं की चूं केलं नाही.